वाट कोणी शोधायची?

१४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावी, रॉकवेल कंपनीच्या अवकाश विभागात, एका टर्मिनलवर 'रेडी' हा शब्द उमटला. आयबीएमची माणसे रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या माणसांसोबत १९६६ पासून ज्या माहिती-व्यवस्थेवर खपत होती, ती त्या दिवशी कामाला लागली. पुढे तिला आयएमएस हे नाव मिळाले. सॅटर्न-५ रॉकेट आणि अपोलो यान यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायचा, यासाठी तिचा जन्म झाला होता. अमुक जुळणीत कोणते भाग, त्या भागांत आणखी कोणते भाग, त्यांच्याही पोटात कोणते, अशी वरून खाली उतरत जाणारी तिची मांडणी होती. रॉकेट बांधणाऱ्या माणसाला नेमके असेच प्रश्न पडतात, त्यामुळे तिने काम चोख केले.

पण प्रश्न उलटा विचारला की पंचाईत व्हायची. 'या जुळणीत कोणते व्हॉल्व्ह आहेत?' याचे उत्तर चुटकीसरशी मिळे. 'हा व्हॉल्व्ह कोणकोणत्या जुळण्यांत आहे?' याच्यासाठी मात्र सगळ्या जुळण्या एकेक करून पालथ्या घालाव्या लागत. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात ही अडचण पिढ्यानपिढ्या ओळखीची आहे. गाव नमुना सात हा गटाप्रमाणे लावलेला, म्हणून त्यातून 'या गटात कोणाकोणाचा हिस्सा' हे कळते. 'या खातेदाराची गावात एकूण किती जमीन' हे विचारायचे तर आठ-अ हा वेगळा नमुना लागतो. माहिती तीच, पण प्रश्न दोन दिशांनी येतो म्हणून ती दोन ठिकाणी लिहायची, आणि फेरफार झाला की दोन्हीकडे दुरुस्त करायची.

आयएमएसची ही अडचण दुसऱ्या एका पंथाने आधीच थोडी सैल केली होती. चार्ल्स बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला आयडीएस नावाची व्यवस्था बांधली. तिच्यात एक रेकॉर्ड अनेक साखळ्यांत ओवता येत असे. एका रेकॉर्डपाशी उभे राहायचे, पॉइंटर धरून पुढच्यावर जायचे, तिथून दुसरी साखळी पकडायची. या कामाबद्दल बाखमन यांना संगणकशास्त्रातले १९७३ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले आणि त्या वेळच्या भाषणात त्यांनी प्रोग्रामरला नावाड्याच्या, दिशा धरणाऱ्या माणसाच्या जागी बसवले. ती भूमिका खरीच होती. त्या काळचा चांगला प्रोग्रामर म्हणजे साऱ्या साखळ्या डोक्यात ठेवून माहितीतून नेमका मार्ग काढणारा माणूस. ते कसब सोपे नव्हते आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त एक गोष्ट त्यात गृहीत होती: माहितीपर्यंत पोहोचायची वाट विचारणाऱ्यानेच शोधायची.

या गृहीतकाला हात घातला एडगर फ्रँक कॉड यांनी. सगळे त्यांना टेड म्हणत. जन्म १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक झाले. १९४८ साली ते न्यूयॉर्कला आयबीएममध्ये लागले. सिनेटर मॅकार्थींनी अमेरिकेत माजवलेल्या संशयाच्या वातावरणाचा त्यांना इतका संताप आला की १९५३ मध्ये ते देश सोडून कॅनडात, ओटावाला गेले. काही वर्षांनी परतले, पुन्हा आयबीएममध्ये रुजू झाले, आणि चाळिशी उलटल्यावर मिशिगन विद्यापीठातून पीएचडी मिळवली. तिचा विषय होता स्वतःची प्रत स्वतः काढू शकणारी गणिती यंत्रे. डेटाबेसशी त्याचा काही संबंध नव्हता. मला वाटते, याचा त्यांना फायदाच झाला. साखळ्या आणि पॉइंटर यांत मुरलेल्या माणसाला जो प्रश्न सुचला नसता तो या गणितज्ञाला सुचला.

आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत त्यांनी १९६९ मध्ये अंतर्गत अहवाल लिहिला, आणि जून १९७० मध्ये एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या मासिकात त्यांचा अकरा पानी निबंध छापून आला. त्याच्या सुरुवातीच्या भागातला युक्तिवाद वाचताना आजही थांबायला होते. भाग आणि प्रकल्प अशी साधीच माहिती घेऊन कॉड तिच्या पाच वेगवेगळ्या मांडण्या दाखवतात. कुठे प्रकल्पाखाली भाग, कुठे भागाखाली प्रकल्प, कुठे दोन्ही अलग. मग ते एक मामुली काम देतात: अमुक एका प्रकल्पात लागणाऱ्या प्रत्येक भागाचा क्रमांक, नाव आणि संख्या छापा. यातली कोणतीही एक मांडणी गृहीत धरून प्रोग्राम लिहिला, तर तो उरलेल्यांपैकी किमान तीन मांडण्यांवर कोसळतो. माहिती एका अक्षराने बदललेली नाही, प्रश्नही तोच आहे, तरी प्रोग्राम मोडतो, कारण प्रोग्रामात प्रश्नापेक्षा वाटेचेच वर्णन जास्त भरलेले असते.

यावर कॉड यांचा उपाय असा की माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची. एका तक्त्यात कर्मचारी, दुसऱ्यात विभाग. कर्मचाऱ्याच्या ओळीत विभागाचा क्रमांक असेल, विभागाच्या ओळीतही तो असेल, बस्स. एकातून दुसऱ्याकडे नेणारा कुठलाही धागा आधीपासून ओवून ठेवायचा नाही. दोन तक्त्यांतले समान मूल्य हेच नाते, आणि ते जुळवायचे प्रश्न विचारताना. या जुळवणीला त्यांनी जॉइन म्हटले. हे वरवर पाहता किरकोळ वाटते. पण धागा आधी ओवायचा तर कोणते प्रश्न येतील हे आधीच ठरवावे लागते. समान मूल्यावर जोडायचे असेल तर रचना करणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेला प्रश्न दहा वर्षांनी कोणीतरी विचारू शकतो, आणि दोन्ही दिशांनी विचारू शकतो. गणिताच्या एका साध्या क्रियेने विचारणाऱ्याला असे मोकळे केले, ही संगणकाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे असे मी मानतो.

कॉड तिथेच थांबले नाहीत, त्यांनी धोकाही दाखवला. कोणता पुरवठादार कोणता भाग पुरवतो याचा एक तक्ता घ्या, तीन ओळींचा: पहिला पुरवठादार पहिला भाग देतो, दुसरा पहिला आणि दुसरा असे दोन्ही भाग देतो. कोणता भाग कोणत्या प्रकल्पात लागतो याचा दुसरा तक्ता, तोही तीन ओळींचा: पहिला भाग दोन्ही प्रकल्पांत, दुसरा भाग फक्त पहिल्यात. भागाच्या क्रमांकावर दोन्ही जोडले की पाच ओळी मिळतात. त्यांतली एक म्हणते: पहिला पुरवठादार, पहिला भाग, पहिला प्रकल्प. पण त्या पुरवठादाराने त्या प्रकल्पाला खरोखर माल दिला का? मूळ तक्त्यांत तसे कुठेही लिहिलेले नाही. कदाचित त्याचा सगळा माल दुसऱ्या प्रकल्पाला गेला असेल. कॉड दाखवतात की याच दोन तक्त्यांशी तंतोतंत सुसंगत असा तीनच ओळींचा दुसरा जोडही असू शकतो. जोडता येते म्हणून जे हाती लागले ते खरे असेलच असे नाही. या फसगतीला त्यांनी जोडणीचा सापळा म्हटले. ज्या निबंधाने जॉइन जगापुढे आणले, त्यातच त्याच्या मर्यादेची खूण होती. आज टेबले जोडणाऱ्या कितीजणांना ती शिकवली जाते?

आयबीएममध्ये या कल्पनेचे फारसे स्वागत झाले नाही. आयएमएस चांगला पैसा आणत होते, मोठी गिऱ्हाइके त्यावर विसंबून होती, आणि कॉड यांचे लेखन गणिती चिन्हांनी भरलेले. ते चिकाटीने बोलत राहिले. १९७२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी आपली मांडणी केली तेव्हा श्रोत्यांत डॉन चेंबरलिन हे तरुण संशोधक होते. ते तेव्हा बाखमन-पंथाच्या जाळ्यांचा अभ्यास करत होते. कॉड एकेक गुंतागुंतीचा प्रश्न सांगत आणि एका ओळीत लिहून दाखवत. त्याच प्रश्नासाठी साखळ्यांतून वाट काढणारा प्रोग्राम पाच पानांचा झाला असता, हे चेंबरलिनना जागच्या जागी कळत होते. त्या दिवशी आपले मन पालटले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

चेंबरलिन आणि त्यांचे सहकारी रे बॉइस १९७३ मध्ये सॅन होजेला आले. कॉड यांची ओळ गणितज्ञाला कळणारी होती. या दोघांना ती हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार, नगररचनाकार यांना कळेल अशी करायची होती. शिवाय ती साध्या कीबोर्डवर टाइप करता यायला हवी होती. त्यांचा आधीचा प्रयत्न, स्क्वेअर नावाचा, खालीवर लिहायच्या छोट्या अक्षरांमुळे तिथेच अडला होता. दोघे एकमेकांना प्रश्न घालत आणि ते लिहायची सोपी रीत शोधत. त्यातून सीक्वेल ही भाषा झाली. पुढे विमाने बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचा त्या नावावर हक्क निघाला म्हणून ती एसक्यूएल झाली. 'आपल्या साहेबापेक्षा जास्त पगार घेणारे कर्मचारी कोण?' हा त्या काळचा गाजलेला प्रश्न. तो पुढे असा लिहिता येऊ लागला: सिलेक्ट ई.नेम फ्रॉम एम्प ई, एम्प एम व्हेअर ई.मॅनेजर = एम.एम्पनो अँड ई.सॅलरी > एम.सॅलरी. कर्मचाऱ्यांचे एकच टेबल दोन नावांनी घेतले आणि त्याचे त्याच्याशीच लग्न लावले. कुठून सुरू करायचे, आधी कोणती ओळ वाचायची, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

मे १९७४ मध्ये मिशिगनच्या ॲन आर्बरला एसीएमच्या कार्यशाळेत सीक्वेलचा निबंध सादर झाला. बाखमन आणि कॉड यांची गाजलेली समोरासमोरची चर्चाही तिथेच झाली. थोड्याच दिवसांत मेंदूतली रक्तवाहिनी फुटून बॉइस गेले. त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. विद्यार्थी आजही टेबलांच्या रचनेच्या बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म या नियमाचे नाव पाठ करतात. त्यामागे इतक्या लवकर थांबलेले आयुष्य आहे, हे कोणी तरी वर्गात सांगायला हवे.

कागदावर एक ओळ लिहिणे वेगळे आणि यंत्राकडून ती वेळेत पुरी करून घेणे वेगळे. टीकाकारांचा सगळा भर इथेच होता. प्रोग्रामर वाट शोधणार नसेल तर यंत्र शोधणार, आणि यंत्राला अनुभवी माणसाची अक्कल कुठून येणार? याचे उत्तर देण्यासाठी सॅन होजेच्या प्रयोगशाळेने सिस्टिम आर हा प्रकल्प १९७४ च्या सुमारास हाती घेतला. पहिला नमुना एका वेळी एकानेच वापरायचा होता आणि त्यात एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न घालता येई, पण जॉइन नव्हते. त्यामुळे उत्तराच्या ओळी एकाच टेबलातून याव्या लागत. कर्मचाऱ्याचे नाव आणि त्याच्या विभागाचे नाव शेजारी-शेजारी छापणेही जमेना. हा नमुना टाकून देताना चमूने जे धडे टिपले त्यांत जॉइनची गरज हा एक होता.

दुसरी बांधणी सुरू झाली तेव्हा माइक ब्लासगेन आणि कपाली ईश्वरन यांनी जोडायच्या निरनिराळ्या रीती ताडून पाहिल्या. दोन रीती बहुतेक वेळा पुरेशा ठरतात, असे त्यांना आढळले. पहिल्या टेबलातली एक ओळ घ्या आणि दुसऱ्यात तिची जोडीदार शोधा, ही एक. दोन्ही टेबले जोडायच्या रकान्यावर क्रमाने लावून बरोबरीने वाचत जा, ही दुसरी.

पण खरे कोडे क्रमाचे होते. दहा टेबले जोडायची असतील तर ती एकामागून एक घेण्याचे ३६,२८,८०० क्रम होतात. उत्तर प्रत्येक क्रमाने तेच येते; वेळ मात्र एका क्रमाने क्षणभर लागेल आणि दुसऱ्याने रात्र सरेल. पॅट्रिशिया सेलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेला निबंध या कोड्यावरचा आहे. त्यांचे उदाहरण तीन टेबलांचे आहे: डेन्व्हरमधल्या विभागांत काम करणाऱ्या कारकुनांचे नाव, पगार, हुद्दा आणि विभाग सांगा. आधी कारकून शोधून त्यांचे विभाग पाहायचे, की आधी डेन्व्हरचे विभाग काढून त्यांतली माणसे पाहायची? शहाणा कारकून म्हणेल, जे थोडे असतील ते आधी घ्या. सेलिंगर यांच्या पद्धतीने हे शहाणपण हिशेबात उतरवले. टेबलात किती ओळी, त्या डिस्कवर किती पानांत पसरलेल्या, रकान्यात वेगवेगळी मूल्ये किती, याची नोंद ठेवायची. त्यावरून प्रत्येक अटीतून किती ओळी पार पडतील याचा अंदाज करायचा, आणि डिस्कवरची वाचने व प्रोसेसरचे काम मिळून खर्च काढायचा. काहीच माहिती नसेल तर? बरोबरीच्या अटीतून दहातली एक ओळ पार पडेल असे धरायचे. इतके साधे! हा आकडा कोणत्याही सिद्धांतातून आलेला नाही, पण काहीतरी धरल्याशिवाय गाडी हलत नाही हे त्या चमूने ओळखले.

लाखो क्रमांचे ओझेही त्यांनी उतरवले. पाच विशिष्ट टेबलांचा जोड एकदा स्वस्तात स्वस्त कसा होतो हे कळले की सहावे टेबल जोडताना त्या पाचांचे सगळे महागडे क्रम पुन्हा तपासायचे कारण नाही. म्हणून लहान गटांपासून सुरुवात करून प्रत्येक गटाचा उत्तम मार्ग लक्षात ठेवत वर चढायचे. दहा टेबलांचे गट जेमतेम हजारभर. एकच अपवाद: एखादा मार्ग थोडा महाग असला, पण त्यातून ओळी उपयोगी क्रमाने लागून येत असतील, तर तोही राखून ठेवायचा, कारण पुढच्या जोडणीत क्रम लावण्याचा खर्च वाचतो. आजच्या बहुतेक डेटाबेसांच्या आत या निबंधाचे वंशज काम करत आहेत.

बर्कलेला मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी याच काळात इन्ग्रेस नावाचा डेटाबेस बांधला. त्याची भाषा वेगळी होती आणि मोठा प्रश्न फोडत-फोडत एकेका टेबलावर आणण्याची त्याची रीतही वेगळी. आयबीएमने आपले संशोधन उघडपणे छापले, ते वाचून लॅरी एलिसन आणि साथीदारांनी १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणले, आणि आयबीएमचे स्वतःचे विक्रीचे उत्पादन त्यांच्यानंतर, १९८१ मध्ये आले. कॉड यांना त्याच वर्षी ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९८३ मध्ये टोकियो विद्यापीठातून मासारू कित्सुरेगावा आणि सहकाऱ्यांनी जोडणीची तिसरी रीत पुढे आणली: एका सूत्राने दोन्ही टेबलांच्या ओळी कप्प्यांत वाटायच्या, म्हणजे समान मूल्ये एकाच क्रमांकाच्या कप्प्यात पडतात आणि कप्प्याला कप्पाच जुळवायचा. मोठ्या टेबलांच्या जोडणीत आज हीच रीत बहुतेकदा कामी येते.

वाटेचा प्रश्न असा यंत्राने उचलला. अर्थाचा प्रश्न मात्र विचारणाऱ्याकडेच राहिला. विभाग आणि कर्मचारी जोडले की ज्या विभागात एकही माणूस नाही तो उत्तरातून नाहीसा होतो. चूक झाल्याचा संदेश येत नाही, उत्तर व्यवस्थित दिसते, आणि रिकाम्या विभागांचा अहवाल मागणाऱ्याला ते विभागच दिसत नाहीत. जोडीदार नसलेली ओळही राखून तिच्यासमोर रिकामी जागा सोडणारा जोड कॉड यांनी १९७९ च्या निबंधात मांडला. तोवर इतरांनीही ती कल्पना हाताळली होती. भाषेत ती यायला वेळ लागला. ओरॅकलने रकान्यापुढे कंसात अधिकचे चिन्ह देण्याची रीत काढली, सायबेसने बरोबरच्या चिन्हाला तारा जोडला. १९९२ च्या प्रमाण आवृत्तीने लेफ्ट आउटर जॉइन आणि ऑन हे शब्द देऊन जोडायची अट आणि गाळायची अट वेगळ्या ठेवायची सोय केली. ओरॅकलने लिहिण्याची ती रीत २००१ मध्ये नवव्या आवृत्तीत घेतली.

जगभरच्या वर्गांत हा विषय ज्या पुस्तकांतून शिकवला जातो त्यांतल्या एका ठळक पुस्तकाचे तिसरे लेखक मुंबईचे आहेत: पवईच्या आयआयटीतले एस. सुदर्शन. सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांच्या या ग्रंथात विद्यापीठाचे उदाहरण आहे, आणि त्यात एक जागा मला फार मोलाची वाटते. विद्यार्थी, त्याने घेतलेले विषय आणि विषयांची यादी ही तीन टेबले नॅचरल जॉइनने जोडली की सगळे ठीक वाटते. पण विद्यार्थ्याच्या टेबलात विभागाचे नाव आहे आणि विषयाच्या टेबलातही आहे. नॅचरल जॉइन समान नावाचे सगळे रकाने जुळवते, म्हणून भौतिकशास्त्राच्या मुलीने संगीताचा विषय घेतला असेल तर ती ओळ गळते. कुणीही न मागितलेली अट रकान्याच्या नावातून आत शिरते.

पवईच्याच चमूने २०१० च्या दशकात एक्सडेटा नावाचे साधन बांधले. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमधले प्रश्न, तपासताना साध्या नमुना माहितीवर चूक आणि बरोबर क्वेरी पुष्कळदा तेच उत्तर देतात, कारण त्या माहितीत प्रत्येक ओळीला जोडीदार असतोच. एक्सडेटा बरोबर क्वेरी पाहून ती कुठे-कुठे बिघडू शकते याचा विचार करते आणि नेमके तिथे बोट ठेवणारी माहिती स्वतः तयार करते: एखादा विभाग ज्यात एकही शिक्षक नाही, एखादा विद्यार्थी ज्याने एकही विषय घेतलेला नाही. मग दोन्ही क्वेरी तिच्यावर चालवायच्या. जॉइनचा प्रकार चुकला असेल तर दोन उत्तरांत त्या एका ओळीचा फरक पडतो, आणि विद्यार्थ्याला आपण कोणाला वगळले ते नावानिशी दिसते.